थॉमसनबाईंचं नाव सांभाळणारी वही

वर्तमानपत्राचं पान लावणाऱ्या शेखरभाऊंना एक बातमी कापून मिळणार होतं काय, ते आधी मांडू या. चार ओळींची जागा. तेवढी मिळाली की साड्यांच्या सेलची जाहिरात पानावर नीट बसणार होती. पान सव्वाचारच्या ऐवजी चारलाच छपाईला सुटणार होतं, आणि खालच्या टपरीवरचा आलूबोंडा शेखरभाऊ गरम असतानाच खाणार होते. एकूण नफा चार ओळी, पंधरा मिनिटं आणि एक आलूबोंडा. तोटा कोणाच्या अंगावर आला, ते आता मला सांगायचं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची, कोपरे दुमडलेली. अकोल्याच्या 'दैनिक पूर्णाकाठ' या वर्तमानपत्राच्या कचेरीत माझा मुक्काम असतो. माझ्यात बातम्या नाहीत, कविता नाहीत, कोणाच्या गुपितांची रोजनिशीही नाही. माझ्यात फक्त माणसांची नावं आहेत.

मी जन्माला आले ती मात्र दुसऱ्याच कामासाठी. गयासुद्दीन नावाच्या बाइंडरनं एका जिनिंगच्या कारखान्यासाठी बारा खतावण्या बांधल्या होत्या. त्यातल्या अकरा गेल्या. माझ्या एका पानावर रकान्याची रेघ वाकडी उमटली होती, म्हणून कारखान्याच्या मुनीमजींनी मला परत पाठवलं. गयासुद्दीननं मला दुकानाच्या फळीवर ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "चीज अच्छी है, बस जरा तिरछी है." तिथून जानरावांनी मला उचललं.

जानराव म्हणजे 'पूर्णाकाठ'चे मुद्रितशोधक. छापण्याआधी पान वाचून चुका काढायच्या, हे त्यांचं काम. माणूस उंच, आवाज त्याहून उंच, आणि चूक सापडली की चेहऱ्यावर असा आनंद, जणू हरवलेली गाय सापडली. हिशेबाच्या वहीत 'जमा' आणि 'नावे' अशा दोन बाजू असतात. जानरावांनी माझ्या पहिल्याच पानावरचं 'जमा' लाल शाईनं खोडलं, 'नावे' तेवढं ठेवलं, आणि वर लिहिलं, 'ज्याचं नाव, त्याच्या तोंडून.'

त्यांचा नेम असा. बातमीत नवा माणूस आला, की त्याचं नाव आधी त्यालाच विचारायचं. तो भेटत नसेल तर त्याच्या घरच्यांना. मग माझ्यात तीन गोष्टी लिहायच्या. घरात नाव कसं म्हणतात, गाव त्याला काय म्हणतं, आणि हे आपल्याला कोणी सांगितलं. तिसरा रकाना रिकामा असेल तर जानराव नाव छापू देत नसत. बातमीदार वैतागत. "काका, माणूस मेला हाय, त्याले कसं इचारू?" असं एकानं चिडून म्हटलं होतं. जानराव म्हणाले, "त्याच्या बायकोले इचार. थे तुह्यापक्षा चांगलं सांगीन."

अशी मी भरत गेले. अचलपूरचे पहिलवान, मूर्तिजापूरचे स्टेशनमास्तर, कौंडण्यपूरच्या यात्रेतले मौत का कुआंवाले, कोणाकोणाचं नाव माझ्यात नाही! इंग्रजी नावं आली की जानरावांना तर चेवच यायचा. ती नावं लिहितात एक आणि म्हणतात दुसरंच. त्यासाठी ते एका निवृत्त मास्तरांना फोन करत, आणि मास्तर फोनवर ते नाव तीनतीनदा मोठ्यानं म्हणत. दुसऱ्या वर्तमानपत्रांतूनही फोन येत, "जानराव, तुमच्या वहीत पाहा ना जरा." तेव्हा मी टेबलावर पसरलेली असे, आणि खरं सांगते, मला थोडी शेफारल्यासारखी मस्ती चढत असे.

थॉमसनबाईंची नोंद माझ्या सत्तेचाळिसाव्या पानावर आहे. साल अठ्ठ्याण्णव.

अमरावतीला गाडगेनगरात या सुभद्राबाई थॉमसन यांनी मुलींसाठी वसतिगृह काढलं. खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलींची राहण्याजेवण्याची सोय. आमच्या अमरावतीच्या बातमीदारानं बातमी दिली, 'थॉम्पसन यांचे वसतिगृह सुरू.' त्या दिवशी जानराव रजेवर होते. बातमी छापून आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन लावला.

"हॅलो, थॉम्पसन मॅडम हायेत काय?"

"मॅडम नाई, सुभद्राबाई हायेत," पलीकडून आवाज आला. "आन थो प कायले घातला मधात?"

"इंग्रजीत हाय ना बाई."

"लिहाले हाय, बोलाले नाई. माह्या आजोबाले दुष्काळात पाद्रीसायबानं वाढवलं, अचलपूरकडं. त्यानंच आपलं आडनाव देल्लं. थो सोताच प गिळत होता म्हने. मंग आमी काहून वागवाचा?"

जानराव मनापासून हसले. माझ्यावर त्यांची पेन्सिल फिरू लागली.

"आन आनखी एक सांगतो भाऊ," बाई म्हणाल्या. आमच्याकडे बायाही 'सांगतो' म्हणतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. "निसतं थॉमसन नोका छापू. काल बारा माणसं गोरी मडम पाहाले आली होती. मी मिरच्या कुटून राहिली होती. तोंडं पाहाची होती तुमी त्यायची! एक म्हातारा त मले म्हने, मडमले बलाव ना बाई."

इंग्रजी पेपरांची एक रीत आहे. पहिल्यांदा माणसाचं पूर्ण नाव, पुढे नुसतं आडनाव. आपल्या पेपरांनी ती उचलली. पण वऱ्हाडात हाक मारायची ती भाऊ, बाई, राव, मावशी लावून. देशमुखांच्या गर्दीत नुसत्या आडनावानं कोणी सापडत नाही, आणि थॉमसनांचं घर तर आसपास एकच, म्हणून त्या आडनावानं काहीही छापलं तरी लोक ते त्याच घराला लावणार. जानरावांनी हे सगळं ओळखलं आणि लिहून ठेवलं. 'थॉमसन. प म्हणत नाहीत. लोक सुभद्राबाई म्हणतात, मुली मावशी म्हणतात. एकटं आडनाव छापू नये. या भागात घर एकच आहे. सांगणार : स्वतः.' आणि खाली दोन रेघा.

पुढे कचेरीत संगणक आले. जानराव निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला शेखरभाऊंच्या हाती दिलं, आणि शेखरभाऊंनी मला दोन्ही हातांनी घेतलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. फक्त त्यांच्या संगणकाचा पडदा जरा खाली होता आणि मान अवघडत होती. मी नेमक्या जाडीची निघाले. त्या दिवसापासून मी पडद्याखाली. उन्हाळे गेले, पावसाळे गेले, पडदे दोनदा बदलले, वही तीच राहिली. कोणी चहा सांडला, कोणी माझ्या पाठीवर मोबाइलचा नंबर लिहिला. मित्रांनो, माझ्याशिवाय चार तास काम चाललं नसतं, कारण शेखरभाऊंची मान दुखली असती. एवढीच माझी किंमत उरली होती.

आणि आला यंदाच्या जुलैतला तो बुधवार.

बुधवारी आमच्या अमरावती पानावर विद्यार्थ्यांसाठी एक चौकट असते, आणि ते पान मंगळवारी दुपारीच लावतात. बातमी विलायतेची होती. तिथल्या एका गावात ग्रेगरी थॉमसन नावाचा माणूस विद्यार्थिनींचं वसतिगृह चालवत होता, आणि वर्षभराची अनामत घेऊन पळाला होता. आपल्याकडच्या मुली तिकडे शिकायला जातात, त्यांनी सावध राहावं, म्हणून बातमी घेतली होती. हेतू पुन्हा चांगलाच. बातमी चार ओळींनी जास्त भरली.

बातमी कापायची ती शेपटीकडून, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण. महत्त्वाचं असतं ते डोक्यात. पण शेखरभाऊंनी पाहिलं, की पहिल्या परिच्छेदात आहे तेच मथळ्यात आहे. मग तेच दोनदा कशाला? त्यांनी पहिला परिच्छेद उडवला. त्यात ग्रेगरी गेला, गावाचं नाव गेलं आणि अख्खा इंग्लंड देश गेला. उरलं ते असं :

'वसतिगृहाची अनामत घेऊन थॉमसन फरार. थॉमसन यांनी विद्यार्थिनींकडून वर्षभराची अनामत घेतली होती. गेल्या आठवड्यापासून त्यांचा फोन बंद असून पोलीस त्यांच्या शोधात आहेत.'

आमच्या पेपराची आणखी एक सभ्य रीत आहे. गुन्हा शाबीत होईपर्यंत माणसाला 'याने' म्हणत नाहीत, 'यांनी' म्हणतात. त्या सभ्यतेमुळे तो बाप्या आहे, हेही झाकलं गेलं. पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत 'अमरावती' होतंच. शेखरभाऊ आलूबोंडा खायला गेले. मी त्या बातमीच्या चार बोटं खाली होते, सत्तेचाळिसावं पान पोटाशी धरून. वहीला तोंड नसतं, मित्रांनो. ती उघडावी लागते.

बुधवारी अंक घरोघर गेला, आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता फोन वाजला. शेखरभाऊंनी फोन टेबलावर ठेवूनच बोलायला घेतला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पूर्णाकाठ पेपर काय? मी सुभद्राबाई बोलून राहिली. थॉमसन."

"बोला बाई."

"काई नाई, मी फरार झाली म्हने. म्हनलं इचारून घ्यावं, कुठं गेली मी? म्हंजे पोळ्या कोन करून राहिलं हे समजीन."

शेखरभाऊंनी कालचा अंक पुढे ओढला. "बाई, थे... थो तिकडचा, विलायतचा..."

"मले समजलं भाऊ. मी पुरं वाचलं. आंदी तुमच्या पेपरात, मंग पोरीयच्या मोबाइलवर. पन वाडेगावच्या, तेल्हाऱ्याच्या मायबापाले कोन सांगीन? काल संध्याकाळपासून अकरा पोरी गेल्या माह्या. आडतीस होत्या." "जुलै हाय हा. जुलै रिकामा गेला त वर्ष गेलं. मले कुलूप लावा लागीन."

बातमीच्या कात्रणाचा फोटो गावोगाव फिरला होता. फोटो काढणाऱ्यानं पानाच्या माथ्यावरचं 'अमरावती' बरोबर चौकटीत घेतलं होतं. अशा कामात माणसं फार काळजीपूर्वक वागतात.

मालक-संपादक खुशालराव कचेरीत आले. ते रागावले की ओरडत नाहीत, विड्याचं पान लावतात. त्यांनी पान लावलं, सुपारी कातरली, आणि म्हणाले, "शेखर, खुलासा छापा. त्या बातमीतील थॉमसन म्हंजे आपल्या सुभद्राबाई नाईत, असा."

शेखरभाऊंनी बाईंना फोन करून वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, "हे नोका छापू. ज्यानं पयली बातमी वाचली नाई, थो बी आता इचारीन, काय झालं होतं वं सुभद्राबाईचं? एक डाग धुवाले दुसरा कायले लावता?"

खुशालरावांनी सुपारी चघळणं थांबवलं. बाईंचं म्हणणं खरं होतं. मग ते म्हणाले, "जानरावले बलवा."

जानराव आले. वय ऐंशीच्या घरात, हातात काठी, पण आवाज अजून उंचच. दारातूनच म्हणाले, "वही कुठं हाय?" कोणाला आठवेना. दोन कपाटं झाली, एक पेटी झाली. जानराव शेखरभाऊंच्या टेबलापाशी आले, वाकून पाहिलं, आणि पडदा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. पडदा खाली बसला. शेखरभाऊंची मानही.

सत्तेचाळिसावं पान उघडलं. 'एकटं आडनाव छापू नये.' शेखरभाऊंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"काका, मी हे पाह्यलंच नाई."

"तू रोज वहीच्या वर पाहात होता बाप्पा," जानराव म्हणाले, "वहीच्या आत नाई. चाल. यष्टी किती वाजता हाय अमरावतीची?"

"फोन करून माफी मागतो ना मी."

"नाव छापून खराब केलं, आन माफी फोनवर? चाल."

मला पिशवीत टाकलं. किती वर्षांनी मी कचेरीबाहेर पडले! मूर्तिजापूरला गाडी थांबली, शेंगदाणेवाला आत चढला, आणि पिशवीच्या तोंडातून ऊन माझ्या पाठीवर पडलं. जानरावांनी शेंगदाणे घेतले आणि निम्मे शेखरभाऊंच्या हातावर ठेवले, त्यांनी ते तसेच खिशात टाकले.

गाडगेनगरात वसतिगृहाच्या फाटकासमोर ऑटो उभा होता. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातल्या जयवंताबाई आपल्या दामिनीला घ्यायला आल्या होत्या. गादीची वळकटी ऑटोत चढली होती, पेटी अजून पायरीवर होती. दामिनी रडून लाल झाली होती. सुभद्राबाई पायरीवर उभ्या. साठीच्या, सावळ्या, पदर खोचलेला, हाताला कणीक.

शेखरभाऊ पुढे गेले, हात जोडले. "बाई, चूक माही हाय. मी बातमी वरून कापली. थो मानूस विलायतचा हाय. तुमचा काई संबंध नाई."

"बसा," सुभद्राबाई म्हणाल्या. "च्या घेता?"

पण जयवंताबाई कुठं बसू देतात! "तुमी पेपरवाले काय? काल छापता फरार, आज सांगता नाई. आमी कोनतं मानाचं?"

"हे मानाचं बाई. मी लिहून देतो."

"लिहूनच त देल्लं होतं ना काल!"

जानरावांनी तोंडावर हात धरला. हसू लपवायला धरला होता, असं माझं मत आहे. शेखरभाऊ घामाघूम झाले. वीस वर्षं त्यांनी बातम्या लिहिल्या, पण वाचणारं माणूस असं समोर उभं राहून हिशेब मागेल, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

जयवंताबाईंनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "पोट्टी हाय काय तुम्हाले?"

"हाय. रागिणी. बारावी झाली."

"कुठं घातली?"

शेखरभाऊ अडखळले. "इथंच. अमरावतीले. कालिजात नंबर लागला."

"राहाले?"

"माह्या साळ्याकडं सोय..."

"हां," जयवंताबाई म्हणाल्या. त्या एका 'हां'त सगळं आलं. "तुमची साळ्याकडं, आन आमची इथं राहू द्या म्हनता. तुमची पोट्टी ठेवा इथं, मंग मी मानीन. दामिनीले घरी नेतो. पेटी ठेवून जातो. रविवारी येईन, आन पाहीन."

ऑटो गेला. सुभद्राबाई म्हणाल्या, "तिचं मनावर नोका घेऊ भाऊ. मायचं काळीज हाय." त्यांनी स्वतः काहीच मागितलं नाही. मागितलं असतं तर शेखरभाऊंना नाही म्हणता आलं असतं.

जानरावांनी मला पिशवीतून काढलं आणि पायरीवर बसून विचारलं, "बाई, नेम हाय माहा. नोंद जुनी झाली की पुन्हा इचाराचं. नाव सांगा."

"सुभद्रा थॉमसन," बाई म्हणाल्या. मग थोडं हसल्या. "प अजून बी नाई."

परतीच्या गाडीत शेखरभाऊंनी घरी फोन लावला. पलीकडून बायको बराच वेळ बोलली. ते "हो" म्हणाले, "हो" म्हणाले, मग म्हणाले, "तुह्या भावाले वाईट वाटीन, हे खरं हाय. पन थ्या बाईचं मंगळवारपरेंत जे नाव होतं, थे मले परत नेऊन द्याचं हाय." मग रागिणीचा आवाज आला, एवढा मोठा की पिशवीतही ऐकू आला. "बाबा, मले मामाकडं जाचंच नव्हतं! मामी मोबाइल तपासते!"

शेखरभाऊंनी फोन ठेवला आणि त्या सबंध दिवसात पहिल्यांदा शेंगदाणा तोंडात टाकला.

शुक्रवारच्या अंकात विलायतेची बातमी पुन्हा आली, डोक्यासकट. खुशालरावांच्या हुकमानं त्यात एकदाही नुसतं आडनाव नव्हतं. दर वेळी 'इंग्लंडचा रहिवासी ग्रेगरी थॉमसन'. सात वेळा. वाचकांचे फोन आले, "बस करा राजेहो, त्याचं नाव आमच्या लेकराले पाठ झालं!" खुशालराव म्हणाले, "पाठच व्हाले पाह्यजे." सुभद्राबाईंचं नाव त्या बातमीच्या आसपासही नव्हतं.

पण खरी बातमी रविवारी लागली, आणि ती छापलेली नव्हती. सकाळी साडेनऊला 'दैनिक पूर्णाकाठ' असं दोन्ही अंगांना लिहिलेली आमची गाडी गाडगेनगरात शिरली. मी जानरावांच्या मांडीवर होते. गाडीच्या टपावर निळ्या चादरीत बांधलेली गादी, एक बादली आणि एक टेबलपंखा. गाडी मुद्दाम हळू चालवली. गल्लीतल्या बाया ओट्यावर आल्या.

"कोनाची गादी वं?"

"पेपरवाल्याच्या पोरीची म्हने."

"त्याच पेपरवाल्याची?"

"त्याच."

"मंग खोटंच व्हय थे सगळं," एक म्हातारी म्हणाली, आणि निवाडा झाला. सात वेळा छापलेल्या नावाला जे जमलं नव्हतं, ते एका गादीला जमलं. आमच्याकडे माणूस काय लिहितो यावर कोणी जात नाही. तो आपली लेक कुठं ठेवतो ते पाहतात.

रागिणी उतरली, सुभद्राबाईंच्या पाया पडली, आणि सरळ विचारलं, "मावशी, खिडकीजवळची कॉट हाय काय?" जयवंताबाई आधीच येऊन बसल्या होत्या, दामिनीला घेऊन. त्या उठल्या, रागिणीच्या मागोमाग खोलीत गेल्या, गादी खरंच उलगडली का ते पाहिलं, पंख्याची वायर लागली का ते पाहिलं, आणि बाहेर येऊन शेखरभाऊंना म्हणाल्या, "आता च्या घ्या."

खुशालराव, शेखरभाऊ, त्यांची बायको, अख्खी कचेरी, सगळे फाटकाजवळच्या मांडवात पंगतीला बसले. आत बसायला जागा होती, पण जानराव म्हणाले, "लोकायले दिसलं पाह्यजे." जेवताना दर दहा मिनिटांनी ऑटो येऊन थांबत होता. कोणी वळकटी परत आणत होतं, कोणी नवी मुलगी दाखवायला. प्रत्येक वेळी सुभद्राबाई हातातली वाढायची पळी तशीच धरून फाटकापर्यंत जात. संध्याकाळी त्यांनी मुली मोजल्या. एकेचाळीस. आधी होत्या त्यापेक्षा तीन जास्त. मग त्या ओट्यावर बसल्या, पाय पसरले, आणि इतका मोठा श्वास सोडला की शेजारी ठेवलेल्या माझी पानं हलली.

मित्रांनो, आता मी पडद्याखाली नाही. मला दोरीनं टेबलाच्या कडेला बांधलं आहे, आणि पडद्याखाली शेखरभाऊंनी दोन विटा ठेवल्या आहेत. कोणतंही नाव आलं की आधी ते फोन लावतात. "नाव कसं म्हनता तुमी?" असं विचारताना त्यांचा आवाज अगदी जानरावांसारखा चढतो. तुम्हीही असं करा. वर्गात कोणाचं नाव नवं असेल, वेगळं असेल, जिभेला अवघड असेल, तर त्याला विचारा, आणि तो सांगेल तसंच म्हणा. नुसतं आडनाव फेकून कोणाबद्दल काही बोलू नका. एका आडनावाखाली पुष्कळ माणसं राहतात, आणि दगड कोणाला लागला हे फेकणाऱ्याला दिसत नाही. आणि तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखी एखादी जुनी वही कशाखाली दबलेली असेल, तर तिला ओढून काढा. काही नाही तर एकदा चाळा तरी.

आता राहिला हिशेब, तोही सांगून टाकते. चूक शेखरभाऊंची होती. त्यांची चार दिवसांची झोप गेली आणि वाट्याला साळ्याचा रुसवा आला, तो दिवाळीपर्यंत टिकेल असं दिसतं. खुशालरावांनी गाडी दिली. जानरावांनी ऐंशीव्या वर्षी दोनदा गुडघे दुखवून घेतले. रागिणीला खिडकीजवळची कॉट मिळाली, म्हणजे ती नफ्यात. आणि त्या रविवारी पंगतीला बसलेल्या सगळ्यांचे कणकेचे जाड रोडगे पहाटे पाचला उठून भाजले, वांग्याची भाजी केली, आग्रह करकरून वाढली आणि मागची भांडीही घासली, ती सुभद्राबाईंनी. त्यांची चूक कुठलीच नव्हती.